जुनी खिडकी मिटू नये

आमच्या कचेरीत माणूस निवृत्त झाला की आम्ही त्याचं खातं पुसत नाही, त्याचा शेल बदलतो.

शेल म्हणजे काय, हे मला वर्षातून एकदा तरी कुठल्यातरी नव्या साहेबाला सांगावं लागतं, तेव्हा इथेही सांगून टाकते. यंत्राला माणसाचं बोलणं कळत नाही, माणसाला यंत्राचं कळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. तुम्ही नाव आणि पासवर्ड दिला की यंत्र तुम्हाला त्या दुभाष्याच्या हवाली करतं. पुढे तुम्ही कमांड टाइप करायची आणि त्याने ती यंत्राला समजावायची. तो दुभाष्या म्हणजे शेल. कुणाला कोणता दुभाष्या द्यायचा ते एका फाइलीत लिहिलेलं असतं. माणशी एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी शेलचं नाव. ते नाव बदलायला एकच कमांड पुरते, पण ती चालवण्याचा अधिकार कचेरीत फक्त माझ्याकडे आहे. निवृत्त माणसाच्या ओळीला मी नोलॉगिन नावाचा शेल लावते. हा दुभाष्या एकच वाक्य शिकलेला आहे. 'हे खातं सध्या उपलब्ध नाही' एवढं म्हणतो आणि दार लावून घेतो. माणसाच्या फाइली जागच्या जागी राहतात आणि माणूस बाहेर राहतो. सापही मरतो आणि काठीही तुटत नाही.

कचेरी जमिनीच्या चढउतारांचे नकाशे काढते. तळमजल्यावर, काचेच्या दारामागच्या थंड खोलीत दोन सर्व्हर आहेत, थोरली आणि धाकटी. धाकटीवर टपाल आणि रजेचे अर्ज चालतात. खरी गणितं थोरलीवर. थोरलीच्या शेजारची खोली माझी.

त्या सोमवारी वरिष्ठ कार्यालयाचा तपासनीस आला. चोर रंगेहाथ पकडल्यासारखा चेहरा करून त्याने साहेबांसमोर एक यादी ठेवली. निवृत्त झालेल्या अकरा माणसांचे शेल अजून जिवंत होते. चूक माझीच होती, आज करू उद्या करू म्हणत तीन वर्षं गेली होती. साहेब म्हणाले, पाचच्या आत आटपा. साडेचार वाजले होते. मी अकरा वेळा तीच कमांड दिली, फक्त शेवटचं नाव बदलत. अकरावं नाव मास्तरांचं होतं.

मास्तरांनी आयुष्यात खडू हातात धरला नव्हता. पण थोरली त्यांनी उभी केली, आणि या इमारतीत जो कोणी कमांड टाइप करतो तो त्यांच्याकडून शिकलेला, म्हणून ते मास्तर. माझी खुर्ची, माझं टेबल आणि माझ्या बऱ्याचशा खोडी त्यांच्याकडून आलेल्या आहेत. स्क्रीनच्या वर भिंतीला त्यांच्या हातचा एक कागद आहे, चिकटपट्टी पिवळी पडलेली. त्यावर दोन नियम. पहिला निळ्या शाईत: शेल बदलल्यावर जुनी खिडकी मिटू नये, दुसऱ्या खिडकीतून आत येऊन पाहावं, आलं तरच मिटावी. त्यात अर्थ आहे. शेलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी यंत्र तुम्हाला परत आत घेत नाही. पण स्क्रीनवर जी खिडकी आधीपासून उघडी आहे ती चालू राहते, तिच्यातूनच चूक दुरुस्त करता येते. ती घाईने मिटली की तुम्ही तुमच्याच घराबाहेर. दुसरा नियम त्याखाली काळ्या शाईत: कुणाचा शेल बदलण्याआधी त्या माणसाला विचारावं.

तो नियम मी मोडला. मास्तरांना फोन लावला की पाऊण तासाची निश्चिंती असते, आणि पाच वाजत आले होते. उद्या सांगू म्हटलं. उद्या काही तो फोन झाला नाही, परवाही झाला नाही.

शुक्रवारी सकाळी आठला मी आले तेव्हा चिरंजीव माझ्या दाराशी उभा होता.

चिरंजीव म्हणजे मास्तरांचा मुलगा. वरच्या मजल्यावर नकाशे जुळवतो, चाळिशीला टेकलाय. नोकरीला लागला त्या दिवशी कुणीतरी 'मास्तरांचे चिरंजीव' म्हणालं आणि ते चिकटलं. गेल्या सात वर्षांत मात्र त्याच्या तोंडावर हे नाव घेताना लोक जरा चाचरतात, कारण बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. ते कसं झालं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा थोरलीवर दोन रात्री कुणीतरी बाहेरचं खाजगी काम चालवलं, आणि ते चिरंजीवाच्या खात्यातून चाललेलं निघालं. तक्रार मास्तरांकडे आली. लोक म्हणणार, आपला तो बाब्या. म्हणून मास्तरांनी पोराला एका शब्दानेही न विचारता, भर दुपारी, तो गणित मांडून बसलेला असताना त्याचा शेल बदलून नोलॉगिन केला. चौकशी चोवीस दिवस चालली. शेवटी कळलं, की चिरंजीवाने पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ती वापरली होती. चिठ्ठी ठेवणं हा गाढवपणाच, पण चोरी नव्हे. तोवर वर्षभर खपून त्याने केलेला डोंगराळ भागाचा नकाशा दुसऱ्याच्या नावाने छापून गेला होता. मास्तरांनी शेल पूर्ववत केला, वर गेले, मुलाला म्हणाले, "चालू झालंय," आणि खाली आले. एवढंच. त्याच आठवड्यात चिरंजीवाने वेगळी खोली घेतली. पुढे निरोप काकूंमार्फत, म्हणजे चिरंजीवाच्या आईमार्फत चालायचे, इकडचे तिकडे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि निरोपही थांबले. मास्तर त्याआधीच निवृत्त झाले होते. आता ते त्या घरात एकटेच असतात.

तर चिरंजीव दारात उभा. थोरली बरी आहे ना, म्हणाला. मी म्हटलं, बरी आहे. काल वेग कमी वाटला, म्हणाला. मी म्हटलं, नव्हता. मग पंख्याच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे मला आवडत नाहीत, आणि माझी पिशवी अजून खांद्यावरच होती. मी सरळ विचारलं, काय पाहिजे.

"ताई, बाबांचा शेल तुम्ही बदललात?"

"हो. सोमवारी."

"नोलॉगिन?"

"नोलॉगिनच. तपासनीसाची यादी होती."

तो खुर्ची ओढून बसला आणि मला थोरलीची हजेरी उघडायला सांगितली. यंत्र प्रत्येकाची हजेरी ठेवतं: कोण आलं, किती वाजता, किती मिनिटं होतं. ही नोंद कुणीही पाहू शकतं, पाहत कुणी नाही. दुभाष्याच्या हवाली करण्याआधी, दारातच, यंत्र ही नोंद करतं. त्यामुळे नोलॉगिनने हाकलून दिलेल्या माणसाचीही हजेरी लागते, मिनिटं तेवढी शून्य.

मी मास्तरांचं नाव टाकलं. दोन वर्षांच्या ओळी एकाखाली एक उतरल्या, ताजी सगळ्यात वर. मी खालून वाचत गेले. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटं. रोज तीन मिनिटं, कधी चार. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि मग मंगळवार: सात दहा, शून्य मिनिटं, सात अकरा, शून्य, सात चौदा, शून्य. बुधवारी दोन ओळी, शून्य आणि शून्य. गुरुवारी एक. शुक्रवारची ओळ नव्हती.

"मंगळवारी मला बरं वाटलं," चिरंजीव म्हणाला. "खोटं कशाला बोलू. म्हटलं, कळू दे एकदा दाराबाहेर उभं राहणं कसं असतं ते. बुधवारी तेवढं बरं नाही वाटलं. आणि आज ते आलेच नाहीत."

मी म्हटलं, कंटाळले असतील. तीन दिवस कुणी दार उघडलं नाही तर चौथ्या दिवशी माणूस येत नाही.

"कंटाळले असतील," तो म्हणाला. "नाहीतर पडले असतील न्हाणीघरात. मला कसं कळणार? मला त्या ओळीवरूनच कळायचं."

 फोन न करण्याला आपण घाई म्हणतो, विसरभोळेपणा म्हणतो, पण ते असतं आळशीपण, आणि त्याची शिक्षा दुसराच भोगत असतो.

फोन कर, मी म्हटलं. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला विचारलं, ते रोज तीन मिनिटं येऊन करतात तरी काय, हे तुम्हाला दिसतं का. दिसतं. माझ्याकडच्या किल्लीने थोरलीवरचं कुठलंही दार उघडतं. दार उघडता येतं म्हणून उघडायचं नसतं, हेही मास्तरांनीच शिकवलेलं. पण त्या आठवड्यात एक नियम मोडून झालाच होता. मास्तरांच्या खात्यात त्यांनी दिलेल्या कमांडची यादी असते, ती मी उघडली.

सगळ्या यादीत एकच कमांड होती. शेकडो वेळा तीच. हजेरी दाखव, चिरंजीवाची, सगळ्यात वरची, म्हणजे ताजी ओळ तेवढी. त्याखाली दर वेळी, बाहेर पड.

चिरंजीवाने ते वाचलं. मला एक शंका आली म्हणून मी त्याचीही हजेरी पाहिली. कचेरीचं काम नऊला सुरू होतं. काकू जाईपर्यंत तो सव्वानऊला येत होता. त्यानंतर रोज सात वाजून पाच मिनिटं, आणि सुट्टीच्या दिवशी घरून, तेव्हाही सात पाचच. म्हणजे हा आधी येऊन बापाच्या ओळीची वाट पाहायचा, आणि ते येऊन याची ओळ वाचून जायचे. दोघांनाही वाटत होतं की आपण चोरून पाहतोय. मी त्याला बोलून दाखवलं नाही. खपली काढायची ती वेळ नव्हती.

जुना शेल परत द्या, असं त्याने मागितलं नाही, आणि मागितलं असतं तर मी दिला नसता. तपासनीसाची यादी चुकीची नव्हती. निवृत्त माणसाचा पासवर्ड कुणी पळवला तर थोरली उघडी पडते, आणि पळवलेल्या पासवर्डाने काय होतं हे या घराण्याला मी सांगायला नको. पण शेलच्या जागी दुभाष्याच असला पाहिजे असं यंत्राचं काही म्हणणं नसतं. तिथे कुठल्याही लहानशा प्रोग्रामचं नाव लिहा, माणूस आला की यंत्र तो चालवतं, आणि प्रोग्राम संपला की माणसाला बाहेर काढतं. नोलॉगिन तरी दुसरं काय आहे?

मी चार ओळींचा शेल लिहिला. पहिल्या ओळीत तो कोणत्या भाषेत आहे ते, दुसरीत चिरंजीवाची ताजी हजेरी दाखव, तिसरीत एंटर दाबेपर्यंत थांब, चौथीत बाहेर. टाइप करायला, हलवायला, मोडायला काही नाही. मग साहेबांकडे गेले. साहेब इमारतीत लवकर येतात, कामाला उशिरा लागतात. मी सगळं सांगितलं, बाप-लेकाचं सोडून. यातून तो माणूस काही मोडू शकतो का, त्यांनी विचारलं. एंटरची कळ मोडू शकतो, स्वतःच्या घरातली, असं मी म्हटलं. त्यांनी यादीवर मास्तरांच्या नावापुढे सही केली.

परत आले तर चिरंजीव तसाच बसलेला, नजर हजेरीवर. शुक्रवारची ओळ आली नव्हती.

चाचणीसाठी माझ्याकडे बाहुला नावाचं एक खोटं खातं आहे. नवा शेल आधी बाहुल्याला लावला, माझी खिडकी उघडी ठेवली आणि दुसऱ्या खिडकीतून बाहुला म्हणून आत शिरायला गेले. यंत्राने हाकलून दिलं. फाइल लिहिली होती, पण ती चालवण्याची परवानगी द्यायला विसरले होते. तेवीस वर्षं हे काम करतेय, आणि पहिल्या वर्षाच्या पोराची चूक. उघड्या खिडकीतून परवानगी दिली, पुन्हा गेले. आत घेतलं. चिरंजीवाची हजेरी दिसली, आज, सात वाजून पाच मिनिटं. एंटर दाबलं, बाहेर आले. मग मास्तरांच्या ओळीला तो शेल लावला.

"झालं?" चिरंजीवाने विचारलं.

"अर्धं झालं. त्यांच्या खात्याची चाचणी त्यांच्या पासवर्डाशिवाय होत नाही, आणि दार उघडलंय हे त्यांना कोण सांगणार?" मी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलून त्याच्यापुढे धरला. "नंबर माहीत आहे ना?"

"तुम्ही करा. बंद तुम्ही केलंत."

म्हणणं खरं होतं. माफी मी मागणारच होते. पण मी हात मागे घेतला नाही. रिसीव्हर बराच वेळ आमच्या दोघांच्या मध्ये राहिला, आणि त्यातून तो सततचा आवाज येत राहिला. माझ्याकडे पाहायचं टाळायला म्हणून त्याने मान वर केली, आणि भिंतीवरचा कागद त्याच्या समोर आला. तो या खोलीत सात वर्षांत आला नव्हता. मी तर त्या कागदाखाली रोज बसते, आणि जे रोज डोळ्यांसमोर असतं ते माणूस वाचत नाही. काळ्या शाईतला नियम मी वर सांगितला तिथे संपत नाही. पुढे आणखी तीन शब्द आहेत आणि त्याखाली तारीख आहे. मला वाटायचं, मास्तरांची सवय, कुठेही तारीख घालायची.

"कुणाचा शेल बदलण्याआधी त्या माणसाला विचारावं," त्याने मोठ्याने वाचलं. "घरचा असला तरी."

मग तारीख वाचली, आणि पुन्हा वाचली.

"ताई, माझं खातं चालू केलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे ही."

मी म्हटलं, असेल. 

"मला का नाही सांगितलं मग?"

ते मास्तरांना विचारण्यासारखं होतं, मला नाही. त्याने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि न आठवता, बोटांनीच नंबर लावला. आठ वेळा वाजला. मी मोजत होते. नवव्यांदा वाजता वाजता कुणीतरी उचलला. मास्तरांचा आवाज दणदणीत आहे, रिसीव्हर कानाला असला तरी खोलीभर ऐकू येतो. कोण बोलतंय, त्यांनी विचारलं.

 सात वर्षांचं साठलेलं चिरंजीवाकडे असणार, आणि त्यातलं काय बाहेर येतंय म्हणून मी धास्तावून बसले होते.

"बाबा, तुमचा शेल बदललाय," तो म्हणाला. "आता करून बघा."

पलीकडे मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोणी बदलला?"

"ताईंनी. मी सांगितलं."

 चिरंजीवाला वाटलं बोलणं संपलं. मलाही तसंच वाटलं. ही दोन माणसं एका वाक्यात संपतात, हे मी आधी एकदा पाहिलेलं होतं. त्याने रिसीव्हर कानापासून दूर केला, खाली आणायला लागला, आणि मास्तर बोलले.

"ठेवू नकोस. मी आत येतो का ते बघ आधी."

चिरंजीवाने रिसीव्हर परत कानाला लावला. दोन्ही हातांनी धरला होता. मी थोरलीवर आत्ता कोण कोण आहे त्याची यादी मागवली. तीन नावं होती. पुन्हा मागवली. चार.

"आलात," चिरंजीव म्हणाला. 

मी कप उचलून बाहेर गेले. तसा कप धुतलेलाच होता. साडेनऊला परत आले तेव्हा तो माझ्या खुर्चीत बसला होता, दाराकडे पाठ करून. मध्येच काहीतरी बोलत होता, बराच वेळ ऐकत होता. स्क्रीनवर मास्तरांचं नाव अजून यादीत होतं. त्यांनी एंटर दाबलं नव्हतं.

दहाला साहेबांनी निरोप पाठवला की तळमजल्याचा फोन तासभर लागत नाही, काय चाललंय. म्हटलं, चाचणी चालू आहे.